तपासनिसाचा रकाना

नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. विवरण देण्याचा शेवटचा दिवस होता. रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि जो तो आपल्या धंद्याचं वार्षिक विवरण खिडकीतून आत सरकवून मोकळा होत होता. विवरण म्हणजे एकतीस रकान्यांचा फॉर्म. धंद्याचं नाव काय, पत्ता कुठला, संचालक कोण, माल कोणता, कामगार किती. गेल्या वर्षी होतं तेच यंदा आहे की काही बदललं, एवढंच सरकारला कळवायचं. बहुतेक लोक पहिल्या रकान्यात ‘बदल नाही’ असं खरडत आणि तिथून खाली शेवटापर्यंत एक उभी रेघ ओढून देत. ह्या मुलीनं मात्र एकतीसच्या एकतीस रकान्यांत, सुवाच्य अक्षरात, ‘बदल नाही’ असं लिहून आणलं होतं.

“रेघ ओढली असती तरी चाललं असतं, बाई,” कारकून म्हणाला.

“रेघ ओढताना माणूस वाचत नाही. लिहिताना वाचावं लागतं.”

कारकुनानं चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पोच दिली. त्या दिवसापासून त्या कार्यालयात तिचं नाव ‘बदलनाहीबाई’ पडलं. तिच्या कानावर ते यायला फार दिवस लागले नाहीत. तिनं ते मनावर घेतलं नाही. उलट, आपल्याला नाव ठेवण्याइतकं कुणी ओळखतं, ह्याचं तिला थोडं बरंच वाटलं असावं.

धंदा वडिलांचा होता. शिड्यांचा. त्यांनी तो घराच्या मागच्या खोलीत सुरू केला तेव्हा लांब शिडी जोडायची झाली की तिचं एक टोक खिडकीतून बाहेर काढावं लागे, आणि शेजारीण खुशाल त्यावर टॉवेल वाळत घाली. पुढे गावाबाहेरच्या रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड घेतली, लाकडाच्या जागी ॲल्युमिनिअम आलं, बारा माणसं कामाला लागली. पण नोंदणीतला पत्ता घराचाच राहिला. तो बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. संचालक तिघं: वडील, ही थोरली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. विवरणावर सगळ्या संचालकांच्या सह्या लागत, आणि त्या गोळा करून फॉर्म खिडकीत नेऊन देणं हे दरवर्षी हिचं काम.

तिचं खरं काम मात्र वेगळं होतं. ती शिड्या तपासायची. तयार झालेली प्रत्येक शिडी भिंतीला लावून ती पार वरच्या पायरीपर्यंत चढे, तिथे दोन्ही पाय जोडून उभी राही, तीनदा डुलून बघे आणि उतरून वरच्या पायरीच्या खालच्या अंगाला लाल रंगाचा ठिपका लावी. कुठे पायरी जोडणारं रिबिट सैल असेल तर ते तिच्या तळपायाला कळे, डोळ्यांना दिसायच्या आधी. तिच्या पायाला कान आहेत, असं कारागीर म्हणत. वडिलांचा नियमच होता: माझी पोरगी जिच्यावर चढली नाही, ती शिडी दाराबाहेर जाणार नाही. वय वाढलं तशी ती अंगानं भरली. “काही काळजी नाही,” ती म्हणे, “दरवर्षी आपली तपासणी जास्त कडक होतेय.”

ज्या मालावर माणूस चढतो, उभा राहतो किंवा लटकतो, असा माल करणाऱ्या कारखान्यांसाठी विवरणात एक खास रकाना असतो. एकोणतिसावा. तपासनिसाचं नाव. तिथे बावीस वर्षं तिचं नाव होतं आणि त्या नावासमोर दरवर्षी तिच्याच अक्षरात ‘बदल नाही’.

धाकटा वाईट नव्हता, असं सगळे म्हणत. बोलायला गोड, चारचौघांत उठून दिसणारा, गिऱ्हाइकाला खुर्ची पुढे करणारा. त्याला दोन गोष्टींची हौस होती, घाई करायची आणि सही करायची. दूधवाल्याला लिहिलेल्या दोन ओळींखालीसुद्धा तो तारीख घालून, खाली लांबलचक फराटा ओढून सही करी. बहिणीच्या तपासणीत दिवसाचे दोन तास जातात हे त्याच्या डोळ्यांत सलत असे, पण वडिलांपुढे बोलायची छाती नव्हती.

मग वडील आजारी पडले. ती अकरा दिवस दवाखान्यात त्यांच्या उशाशी होती. निघताना तिनं भावाला बजावून सांगितलं होतं की मी परत येईपर्यंत एकही शिडी सोडू नकोस. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून त्याची चिठ्ठी आली. ‘ताई, शिड्यांची काळजी करू नकोस. आजपासून तपासणी मी बघतो. तू बाबांपाशी थांब.’ खाली तारीख, सही, फराटा. तिला बरं वाटलं. तिनं चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

धाकट्यानं तपासणी बघितली म्हणजे लाल रंगाची डबी उघडली आणि चाळीस शिड्यांना ठिपके लावून दिले. एकाही शिडीवर पाय ठेवला नाही. त्यातली एक दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या रंगाऱ्याकडे गेली. तो एका शाळेची बाहेरची भिंत रंगवत होता. वरच्या पायरीचं रिबिट निघालं आणि तो खाली आला. खुब्याचं हाड मोडलं. त्याच आठवड्यात वडील गेले.

घरात माणसांची ये-जा चालू होती तेवढ्यात अपघाताची चौकशी होऊनही गेली. शेडवर एक अधिकारी आला, त्यानं विचारलं तपासणी कोणाकडे, धाकट्यानं सांगितलं की ताईकडे. अधिकाऱ्यानं नोंदी पाहिल्या, तिथेही ताईच. “बाबा आजारी होते ना,” धाकटा म्हणाला, “तिचं लक्ष नसणार. तिला फार बोलू नका, साहेब.” तपासनिसाकडून नजरचूक, असा शेरा पडला. कारखान्याला समज देऊन फाईल बंद झाली.

तिला हे कळलं ते रंगाऱ्याच्या बायकोकडून, रस्त्यात. ती बाई तशी समजूतदार होती. म्हणाली, “तुमच्या हातून सुटली म्हणे ती शिडी. आम्ही तुम्हांला दोष देत नाही हो. घरात आजारपण असलं की होतं असं.”

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. ही क्षमा तिच्या घशाखाली उतरेना. ती तशीच शेडवर गेली.

“तू असं सांगितलंस?”

धाकट्यानं तिला बाजूला नेलं. “अगं ताई, तुला कोण काय करणार आहे? बाबा आजारी होते, तू दवाखान्यात. तुला सगळे समजून घेतील. मला कुणी समजून घेतलं असतं?”

“माझ्या तपासणीतली शिडी बावीस वर्षांत कधी मोडली नाही.”

“म्हणून तर एक खपून जाते,” तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला ते जरा जास्त झालं असं वाटलं असावं, कारण त्यानं आवाज आणखी मऊ केला. “आणि खरं सांगू का, आता तुलाही दगदग होते. घरी आराम कर. शेडची किल्ली आहे ना तुझ्याकडे? ती ठेवून जा.”

तिनं किल्ली ठेवली. आवाज चढवला नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. इथे असं लिहायला आवडलं असतं की ती मोठ्या मनाची होती, दोन दिवसांत विसरली. पण ते खरं होणार नाही. त्या दिवशी ती घरी चालत आली आणि वाटेत तिनं ठरवलं की हा शेरा आपण परत करायचा, ज्याचा आहे त्याला, त्याच्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन चौकशीच्या अधिकाऱ्याकडे गेली. तो कंटाळलेला पण सरळ माणूस होता. म्हणाला, “फाईल बंद झाली, बाई. चिठ्ठी काय, घरातली. नोंदीत तपासनीस म्हणून तुम्ही आहात. बदल झाला असता तर विवरणात दिसला असता.”

“यंदाचं विवरण अजून जायचंय.”

“मग त्यात लिहा. सगळ्या संचालकांच्या सह्यांनिशी नोंद बदलली, तर मला फाईल उघडावीच लागेल.”

विवरणाला अजून चार महिने होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती रोज सकाळी उठे, घर आवरी, वडिलांच्या रिकाम्या पलंगावरची चादर झटकून सारखी करी, आणि मग खिडकीशी बसून राही. वाट बघण्यातही गोडी असते हे तिला त्या चार महिन्यांत कळलं. नोंदणी कार्यालयाचा पिवळा लिफाफा नेहमीप्रमाणे घराच्या पत्त्यावर आला. तिनं तो उघडला, कोरा फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि कपाटात ठेवून दिला.

तिकडे धाकट्याला वीज मंडळाचं सहाशे शिड्यांचं काम मिळण्याच्या बेतात होतं. त्यासाठी चालू वर्षाच्या नोंदणीचा दाखला लागणार होता, आणि दाखला विवरणावाचून मिळत नाही. हे त्याला शेवटचा आठवडा उरला असताना कळलं. त्यानं आयुष्यात कधी विवरण भरलं नव्हतं. बहिणीकडे जायला तोंड नव्हतं. म्हणून त्यानं कार्यालयातून नवा फॉर्म आणला, शेडमधली गेल्या वर्षीची प्रत समोर ठेवली आणि ती जशीच्या तशी उतरवून काढली. एकतीस वेळा ‘बदल नाही’. खाली स्वतःची सही. बहिणीची जागा मोकळी. तो कागद घेऊन तो चार नंबरच्या खिडकीशी उभा राहिला.

पुढचं सगळं कारकुनानं नंतर तिला सांगितलं, आणि ते ऐकताना ती पुष्कळ दिवसांनी हसली.

“बाई नाही आल्या यंदा?” कारकुनानं विचारलं.

“तिला बरं नाही.”

“असं? आणि वडील कसे आहेत?”

“वडील गेले. चार महिने झाले.”

कारकुनानं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. “इथं तर अजून संचालक आहेत. बदल नाही म्हणताय.”

धाकट्याचा चेहरा उतरला. “ते चुकून राहिलं.”

“आणि त्यांची सही?”

“अहो, ते गेले म्हटलं ना.”

“बरोबर. हयात आहेत म्हणावं तर सही नाही, नाहीत म्हणावं तर बदल नाही. बाईंची तरी सही?”

“ती मागाहून आणतो.”

“मग विवरणही मागाहूनच घेतो,” कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला हात केला.

त्याच संध्याकाळी धाकटा तिच्या घरी आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

“ताई, विवरणाचं बघायला हवं.”

“बघते.”

“तुझी सही लागेल.”

“माहीत आहे.”

“मग उद्या?”

“बघते म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी त्याचे तीन फोन आले. प्रत्येक वेळी तिनं एवढंच म्हटलं, बघते. तिसऱ्या दिवशी भावजय आली, फळांची पिशवी घेऊन, डोळे आधीच ओले करून.

“ताई, राग असेल तर आमच्यावर काढा. धंद्यावर कशाला?”

“तुमच्यावरच काढतेय,” ती म्हणाली. “फळं घेऊन जा. मला दातदुखीचा त्रास आहे.”

भावजयीनं पिशवी उचलली. दारात थांबून ती म्हणाली, “तुम्हांला एवढं तरी वाटायला हवं होतं, की तो तुमचा सख्खा भाऊ आहे.”

“चौकशीच्या साहेबांपुढे तोही हेच विसरला होता बघा.”

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं भावाला फोन केला. साडेचारला ये, खिडकीशी, पेन घेऊन ये. मग ती कपाटातला फॉर्म काढून टेबलाशी बसली. बावीस वर्षांची सवय. प्रत्येक रकाना वाचला, मग लिहिला. चौथ्यात वडिलांचं नाव कमी केलं, तारीख घातली. हे लिहिताना मात्र तिचा हात थांबला होता. बराच वेळ. मग तिनं पुढे सुरुवात केली.

साडेचारला रांगेत वीसएक माणसं होती. तिचा नंबर आला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि खिडकी साडेपाचला बंद होणार होती. हे सगळं तिनं हिशेबानंच केलं होतं. तिनं फॉर्म खिडकीच्या फळीवर ठेवला आणि भावाकडे सरकवला. “वाच. मग सही कर.”

“वाचायचं काय, तू लिहिलंयस ना.”

“वाच.”

तो वाचू लागला. चौथ्या रकान्यावर त्यानं खाली मान घातली, पुढे भराभर उतरत गेला आणि एकोणतिसाव्यावर अडकला. तिथे लिहिलं होतं: तपासनीस. बदल आहे. अमुक तारखेपासून तपासणी धाकटे संचालक ह्यांच्याकडे. आधार: त्यांनी स्वतः सही केलेली चिठ्ठी, सोबत जोडली आहे. तारीख अपघाताच्या सहा दिवस आधीची होती. चिठ्ठी टाचणीनं लावलेली होती, फराटा वर दिसेल अशी.

“ताई, हे नको,” तो अगदी हळू म्हणाला.

“खोटं आहे का?”

“खरंखोटं राहू दे. फाईल परत उघडेल.”

“उघडू दे.”

“वीज मंडळ मला दारात उभं करणार नाही. बाबांचा धंदा आहे गं हा.”

“बाबांच्या धंद्यातून न चढलेली शिडी गेली. माझा ठिपका लावून गेली. तो ठिपका कुणी लावला?”

मागच्या रांगेतल्या एका जाड्या माणसानं घड्याळ पाहिलं. “अहो, सही करा नाहीतर बाजूला व्हा. आम्हांलाही घरं आहेत.”

“मी सही केली नाही तर?” धाकटा म्हणाला.

“तर साडेपाचला खिडकी बंद. दाखला नाही, महिन्याभरात नाव नोंदीतून कमी. मग सहाशे काय, सहा शिड्याही विकता यायच्या नाहीत. सही केलीस तर धंदा राहील, तू मात्र उघडा पडशील.” ती थांबली. “मी तुला दोन वाटा ठेवल्यात. तू मला एकही ठेवली नव्हतीस.”

“एवढा सूड, ताई?”

“हो,” ती म्हणाली. “एवढाच.”

कारकुनानं शिक्क्याची शाई तपासली. धाकट्यानं पेन काढलं, दोनदा टोपण लावलं, दोनदा काढलं आणि शेवटी सही केली. छोटी, बिनफराट्याची. तिनं खाली आपली केली. कारकुनानं एकतीस रकाने वरपासून खालपर्यंत वाचले, शिक्का मारला आणि म्हणाला, “दोन बदल. बरं आहे ना, बाई?”

“आता आहे,” ती म्हणाली. “ह्याची एक प्रत मिळेल का, सही-शिक्क्यानिशी?”

विवरण कुणालाही पाहता येतं, प्रत कुणालाही मिळते. तिनं प्रत घेतली आणि तिथून थेट रंगाऱ्याच्या घरी गेली. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोनं कागद हातात घेतला.

“मोठ्यानं वाचा,” ती म्हणाली. “एकोणतिसावा.”

बायकोनं वाचला. मग खुर्ची पुढे केली. “आम्ही तुम्हांला उगीच...”

“तुम्ही काही केलं नाहीत,” ती म्हणाली आणि बसली नाही. “उद्या हा कागद घेऊन चौकशीच्या साहेबांकडे जा. ते सरळ आहेत. मात्र कंटाळा करतील, तर दाराशी बसून राहा.”

फाईल उघडली. शेरा बदलला. रंगाऱ्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं, आणि सहाशे शिड्यांचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कारखान्याला गेलं. धाकट्याची शेड चालू राहिली, पण अर्धी. बारा माणसांची पाच झाली. गेलेल्या सातांतले दोघं रस्त्यात तिच्याशी बोलत नाहीत, आणि तिला त्यात त्यांची चूक दिसत नाही. भावजय तिला पाहून रस्ता ओलांडते. भाची दर शनिवारी अक्षर गिरवायला यायची, ती यायची बंद झाली. ह्याचं तिला वाईट वाटतं. बाकी कशाचंही वाटत नाही. कुणी विचारलं तर ती तसं सरळ सांगते, आणि विचारणाराच खाली बघतो.

पुढच्या वर्षीच्या विवरणात तिनं शेवटचे दोन बदल लिहिले. संचालकांतून आपलं नाव कमी केलं आणि नोंदणीचा पत्ता घरावरून शेडवर नेला. आता ते पिवळे लिफाफे तिच्या दारात येत नाहीत.

सध्या ती त्या दुसऱ्या टोकाच्या शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी नऊ ते दोन.